अरबी बोल

आमच्या घरमालकांना कुणी पुटपुटलेलं खपत नसे. भाजीवाली भाव सांगताना शेवटचा शब्द गिळायला लागली की ओट्यावर बसल्या बसल्या ते म्हणायचे, "अरबी बोल की गं जरा." ती औंधाकडची, तिला कुठली आलीय अरबी? पण आमच्या बोळात त्याचा अर्थ सगळ्यांना पाठ होता. अरबी बोल म्हणजे तोंड उघडून बोल, मनात आहे ते बोल. शेंबडी पोरंसुद्धा भांडताना एकमेकांना तसं म्हणायची. नव्यानं आलेल्या पोस्टमनला तर कितीतरी दिवस वाटत होतं की या घरात कुणी हाजी राहतात.

हाजी कसले, पलटणीतले रिटायर हवालदार. साताऱ्यात तशांना काय तोटा? दर दोन घरांआड एक. पण हे वेगळे. सत्तरी ओलांडलेले, ताठ, काळेकभिन्न, डोक्याला बारा महिने टॉवेल गुंडाळलेला. दुसऱ्या महायुद्धात ते बसऱ्याला होते, सामानाच्या डेपोत, आणि तिथून बोलण्यापुरती चांगली अरबी घेऊन आले होते. बोळ त्यांना तोंडावर आबा म्हणायचा आणि माघारी अरब. दोन्ही त्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या पुढच्या खोलीत मी एसटीडीचा बूथ चालवायची. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेलेला, त्या कोट्यातून फोन मिळाला होता, पण जागा कुणी देईना. सगळे गोड बोलायचे. बघू म्हणायचे, घरात विचारून कळवतो म्हणायचे, आणि कळवायचं कुणीच नाही. आबांनी माझ्या पायाकडं सरळ बघितलं आणि म्हणाले, "लंगडी हायस. पायरी एकच हाय. जमंल का?" मला असा राग आला म्हणता! घरी जाऊन रडले. मग रडून झाल्यावर लक्षात आलं, की इतक्या दिवसांत माझ्याशी खरं बोललेला हा पहिलाच माणूस. दुसऱ्या दिवशी जाऊन किल्ली घेतली.

मराठी माणसाइतकं चोरटं जगात कुणी बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि खोटं कशाला बोलू, होतंच तसं. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. संध्याकाळी शटरला हात घालताना मी सवयीनं म्हणायची, "आबा, बूथ वाढवते हं." ते तेवढ्यावरनं तडकायचे. "वाढवतीस कशी? हाय तेवढाच हाय. बंद करती म्हन." एकदा शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र दाराच्या कडीत अडकून तुटलं. काकू कावऱ्याबावऱ्या होऊन "वाढलं हो, वाढलं" करत ओट्यावर आल्या. आबा म्हणाले, "तुटलंय. सोनाराकडं जावा, जोडून दील. वाढलं असंल तर माप घेऊन या." काकूंनी पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला. आबांना त्याचं काही नव्हतं. अबोला चालेल, ते म्हणायचे, अबोला खोटा नसतो.

हे खूळ त्यांच्या डोक्यात बसऱ्यानं भरवलं होतं. डेपोच्या फाटकाबाहेर एक म्हातारा कॉफी विकायचा, त्याच्याशी बोलता बोलता आबा भाषा शिकले. एक दिवस त्याला विचारलं, तुमच्या बोलीला अरबी का म्हणतात? म्हातारा म्हणाला, आमच्यात 'आरबा' म्हणजे पोटातली गोष्ट ओठावर स्वच्छ आणून ठेवणं. तसं बोलणारा तो अरब, त्याची बोली ती अरबी. आणि ज्याचं बोलणं तोंडातल्या तोंडात घोळतं, दुसऱ्याला उमगत नाही, तो अजम. मुक्या जनावराचं नावही त्याच शब्दातनं निघालंय. हे सांगून झालं की आबा बोट वर करायचे. "म्हंजी जगात दोनच जाती. बोलनारी आन् गुरं."

एकदा कॉलेजातले इतिहासाचे एक प्राध्यापक पुण्याला फोन करायला आले आणि लाइन मिळेपर्यंत ओट्यावर टेकले. आबांनी त्यांना हे सगळं ऐकवलं. प्राध्यापक भले गृहस्थ. त्यांनी सावकाश समजावलं, की इतकं सोपं नाही ते. फार जुन्या काळी अरब म्हणजे नुसते वाळवंटात हिंडणारे, उंट राखणारे लोक. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना ते नाव दिलेलं असावं. कुणी म्हणतं मावळतीकडचे ते अरब. कुणी म्हणतं सरमिसळ झालेले. अरब स्वतः यारुब नावाचा एक मूळपुरुष सांगतात, ही भाषा पहिल्यांदा बोललेला. खात्रीनं कुणालाच माहीत नाही. स्वच्छ बोलणं हा अर्थ बहुतेक मागाहून चिकटला असेल, कारण ज्याला त्याला आपलीच भाषा स्वच्छ वाटते. आबांनी सगळं मन लावून ऐकलं. "मागनं आला तर आला," ते म्हणाले. "वाडवडिलांचा नसंल, पर कमावल्याला हाय." प्राध्यापक हसले आणि फोन लावायला आत आले.

पण त्या वेडाचं मूळ कॉफीवाल्यात नव्हतं. ते मला कळलं एका दुपारी, केबल तुटून बूथ ठप्प झाला होता तेव्हा. लढाई संपवून आबा परत आले, तर सातारा रोड स्टेशनवर मेव्हणा बैलगाडी घेऊन आलेला. वाटेत एका झाडाखाली दोघांनी भाकरी सोडली. घरी कसं काय? सगळं बरं हाय. ती कशी हाय? बरी हाय. आबा बायकोच्या खोड्या आठवून तिची चेष्टा करत होते, मेव्हणा मान हलवून हसत होता. घरी पोचले. दारात पाय धुवायला पाणी घेऊन भावजय आली. तेव्हा त्यांना कळलं. बायको आदल्या उन्हाळ्यातच गेली होती. लढाईवरच्या माणसाला कशाला कळवायचं, म्हणून घरानं 'सर्व खुशाल' चालू ठेवलं होतं.

"बाई मेल्याली," आबा मला म्हणाले, "आन् मी तिची नक्कल करून हसत हुतो. मला हसू कुनी दिलं? तिच्या सख्ख्या भावानं." मेव्हण्याचं तोंड त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. लग्नही केलं नाही. आबांचं वाईट वाटावं तर ते वाटू देतील तेव्हा ना. लगेच म्हणाले, "बघतीस काय? वायरमन कवा येतोय ते इचार."

कुवेतची लढाई होऊन गेली होती आणि आमच्याकडची पोरं पुन्हा आखातात जायला लागली होती. गवंडी, सेंट्रिंगवाले, ड्रायव्हर. शिरवळच्या कारखान्यातली चांगली कामं सोडूनसुद्धा गेली. जायच्या आधी ती आबांच्या ओट्यावर अरबी शिकायला बसायची. आबा पहिलं वाक्य शिकवत, 'मा अफहम', मला कळत नाही. "कळत न्हाई म्हनायची लाज वाटली की मेलास," असं बजावत. मग पाणी, मग दुखतंय, मग मालक कुठंय. हे चार महिने शिकून जो सगळ्यात खणखणीत बोलायला लागला तो सुभाष. आबांच्याच घराच्या मागच्या खोलीत आई आणि बायकोला घेऊन भाड्यानं राहायचा, सेंट्रिंगचं काम करायचा. आबांचा भारी जीव त्याच्यावर. तो सौदीत दम्मामला गेला त्या दिवशी आबा त्याच्या पिशवीला हात लावून नुसते उभे होते.

तिकडं शुक्रवारी सुट्टी. म्हणून शुक्रवारी सकाळपासून माझ्या बाकावर आखातवाल्यांच्या बायका बसलेल्या असायच्या, नवऱ्यांच्या फोनची वाट बघत. शालन, सुभाषची बायको, त्यांत सगळ्यात लहान. विशीतली. आठवा महिना लागला होता, पाय सुजलेले, रक्तदाब वाढलेला. हिला कसला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरनी तिच्या सासूला दोनदा सांगितलं होतं. सासू तिला एकटीला पायरी उतरू देत नव्हती.

त्या शुक्रवारी फोन वाजला तर पलीकडनं कुणीतरी भराभरा अरबीत बोलत होतं. मला त्यातलं एकच कळलं, सुभाषचं नाव. मी आबांना हाक मारली. ते काचेच्या केबिनमध्ये गेले, दोन शब्द बोलले, मग काहीतरी पुन्हा विचारलं. रिसीव्हर ठेवला तो जागेवर नाही, बाजूला. सासूनं काचेतनं त्यांचा चेहरा बघितला आणि तिला उमगलं. आईच ती. पण ती ओरडली नाही. शालनच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली आणि तिथनं आबांपुढं हात जोडले, मान हलवली. नगा. नगा.

"काय म्हन्ले, आबा?" शालन म्हणाली. "ह्यांनी का न्हाई केला फोन?"

आबा आता सरळ सांगून टाकणार, मला खात्री होती. मी कुबडी घेऊन तिला सावरायला पुढंसुद्धा सरकले.

"दवाखान्यात हाय," आबा म्हणाले. "वरनं पडलाय. सिरियस हाय."

सिरियस. आपल्याकडं तारेत, फोनवर, निरोप्याच्या तोंडी हाच एक शब्द येतो. वडीलधारे तो ऐकतात आणि मुकाट्यानं बॅग भरतात, कारण त्यांना कळलेलं असतं. ज्याचं माणूस गेलं त्याला तेवढं कळत नाही. बाकावरच्या बायकांनी माना खाली घातल्या. शालननं तो शब्द जसाच्या तसा घेतला आणि विचारलं, "शुद्धीवर हायत न्हवं?"

आबा म्हणाले, "हाय."

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा आली. म्हणाली, आबा, दवाखान्यात फोन लावा की. पैशाचं आबांनी तिला बोलूच दिलं नाही. केबिनमध्ये गेले, नंबर फिरवला, शेवटचा आकडा सोडून. माझ्यासमोर मीटर होतं. फोन लागला की त्यावरचे लाल आकडे पळायला लागतात. ते जागचे हलले नाहीत. आणि आबा त्या मुक्या फोनमध्ये अरबी बोलत होते. थांबत होते, ऐकत होते, मान डोलवत होते. बाहेर येऊन म्हणाले, "ताप उतरलाय म्हन्त्यात. हाडाला वेळ लागंल."

"मी दोन्ही टायमाला जेवते म्हनून सांगा त्यांना," ती म्हणाली. आबा परत आत गेले आणि तेही सांगितलं, अरबीत, शब्द न गाळता.

असं दर शुक्रवारी. आत तो म्हातारा कुणाशीच बोलत नसायचा आणि बाहेर ती पोरगी हळूहळू सुधारत चाललेल्या नवऱ्याच्या बातम्या ऐकत असायची. मला त्या माणसाचा इतका संताप यायचा, की फोनची वायर ओढून काढावी. जन्मभर आम्हाला शहाणपण शिकवलंत ते कुठं गेलं? एकदा बोललेच मी. "आबा, आता पुरे झालं." ते म्हणाले, "बाळंत हुंदे. मग मीच सांगीन. दुसऱ्या कुनी सांगायचं न्हाई." ओट्यावरची शिकवणी त्यांनी बंद केली. भाजीवाली शब्द गिळायची, तिला ते काही म्हणत नसत. शालन सासूला घेऊन बाळंतपणाला माहेरी निघाली, तेव्हा म्हणाली, "आबा, पोराचं नाव काय ठेवायचं ते इचारून ठेवा."

तिचं माहेर औंधच्या अलीकडं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. नंतर काही दिवसांनी सुभाषचा थोरला भाऊ बूथवर आला. तो सांगलीला हळदीच्या अडत्याकडं कामाला असायचा आणि इतके दिवस भावाच्या कागदपत्रांसाठी मुंबईच्या फेऱ्या मारत होता. एकदाचं सगळं झालं, उद्या विमानानं बॉडी येतेय, म्हणाला. मी विचारलं, शालनला सांगितलं का?

"सांगितलंय की," तो म्हणाला. "सुभाष येतोय म्हनून सांगितलंय. घरी आनल्यावर कळंलच तिला."

आबा ओट्यावर होते. त्यांनी ते ऐकलं. टॉवेल सोडून पुन्हा घट्ट गुंडाळला, चपला घातल्या. "चल गं," मला म्हणाले. "बाईमानूस संगं पायजे." बूथ तसाच बंद करून आम्ही एसटी धरली. वाटेत मी दोनतीनदा काहीतरी बोलायला गेले. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

दारात सासू आणि शालनची आई, दोघींनी वाट अडवली. सासू म्हणाली, "आवं आबा, आजच्या दिस नगा. दूध आटंल तिचं. पोरगी काय पील?" तिचंही खोटं नव्हतं. आबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला बाजूला केलं, हळूच, पण केलं.

शालन बाजेवर मुलीला घेऊन बसली होती. न्हालेली, केस विंचरलेले, नवं हिरवं लुगडं. नवरा येणार म्हणून. आम्हाला बघून तिचा चेहरा असा फुलला, की मला खाली बघावं लागलं.

"आबा, तुमी कशाला एवढ्या लांब आलासा? त्यांना आनायला मुंबईला तुमी जानार व्हय? आन् नाव काय सांगितलं त्यांनी?"

आबा बसले नाहीत.

"शालन, सुभाष मेलाय."

तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मी होय म्हणून मान हलवली. तिला रडू आलं नाही, निदान तेव्हा नाही. मुलगी दूध पीत होती, तिच्या डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला.

"कवा?"

"पयला फोन आला त्याच दिशी."

तिनं विचार केला. तो करताना मला दिसत होता. एकेक शुक्रवार तिच्या डोळ्यांपुढनं चालला होता.

"मग तुमी फोनवर कुनाशी बोलत हुता?"

"कुनाशीच न्हाई."

"मी जेवते म्हनून सांगितलंसा, ते?"

"ते कुनालाच न्हाई."

मागं सासूनं तोंडात पदर कोंबला होता, त्याचा आवाज येत होता. शालन आबांकडं बघत होती, एकटक. मग म्हणाली, "त्या दिशी त्यो मानूस खरं काय बोलला? आता तुमच्या मनचं काय घालू नगा. त्याचं बोलनं सांगा."

"अताक उम्रा," आबा म्हणाले.

"म्हंजी?"

"मला वाटलं हुतं, मेला म्हनून सांगंल. अरबास्नी मी लय स्वच्छ बोलनारे समजत हुतो. पर त्यांच्यातबी तसं म्हनत न्हाईत." त्यांचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता मी, पुटपुटल्यासारखा. "त्यानं त्याचं आयुष्य तुमाला दिलं, असं म्हन्त्यात. जो ऐकतोय त्याला. पोरी, त्यो मला म्हनला, त्यानं त्याचं आयुष्य तुमाला दिलं. मला. मी काय करू त्याचं?"

शालननं मुलीला दुसऱ्या अंगावर घेतलं. मग आमच्याकडं न बघता म्हणाली, "जावा आता."

निघालेल्या माणसाला आपल्याकडं 'या' म्हणतात. वैऱ्यालासुद्धा. आबांनी मान हलवली आणि आम्ही निघालो. फाट्यावर एसटीची वाट बघताना मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी तोंडावर मारलं आणि टॉवेलनं बराच वेळ पुसत बसले.

शालन साताऱ्याला परत आली नाही. खोलीतलं सामान न्यायला तिचा दीर टेंपो घेऊन आला.

आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. माझं लग्न झालं, बूथ जाऊन तिथं झेरॉक्सचं मशीन आलं, तरी ते होतेच. दात शाबूत, नजर शाबूत, कधी अंथरूण धरलं नाही. बोळातले लोक कौतुकानं म्हणायचे, "आबा लय आयुष्य घेऊन आलेत." ते कानावर पडलं की आबा ओट्यावरून उठायचे, आत जायचे, आणि दार लावून घ्यायचे.